‘ती तिथे नव्हती’ : एक इंग्रजी रहस्यकादंबरी आणि तिचे दूरचित्ररूप

रहस्यकथेला मराठी समीक्षेने आजवर ओसरीवरच बसवून ठेवले आहे. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड घरोघर वाचले गेले, वाचनालयांतील त्यांच्या प्रती हाताळून हाताळून जीर्ण झाल्या. पण वाङ्मयविवेचनात त्यांचा उल्लेख आला तो बहुधा लोकप्रियतेचे उदाहरण म्हणून. यात समीक्षकांचाच सारा दोष आहे असे म्हणता येणार नाही. गुन्हेगार कोण हे एकदा कळले की पुस्तक उसाच्या चिपाडासारखे कोरडे पडावे, ही बहुसंख्य रहस्यकथांची गत असते. आणि जे दुसऱ्या वाचनाला उतरत नाही त्याला वाङ्मय म्हणावयास रसिक मन कचरते. इंग्रजीतही हा वाद जुनाच आहे. एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकाराने १९४५ साली हा सारा प्रकारच निकालात काढला होता. उलटपक्षी ऑडनसारख्या कवीने १९४८ साली रहस्यकथेतील खेड्याचा गंभीरपणे विचार केला. ते खेडे म्हणजे पतनापूर्वीचे निष्पाप जग असावे लागते, म्हणजे तेथे पडलेले प्रेत अधिकच विसंगत दिसते, असे त्याच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही कादंबरी मी येथे विचारासाठी घेतली आहे ती या दोन्ही मतांना ती पुरून उरते म्हणून. खुनी कोण हे ठाऊक असताना ती वाचली तर पहिल्या वाचनापेक्षा अधिक काही हाती लागते, आणि तिच्यातील खेडे ऑडनच्या कल्पनेइतके निष्पाप मुळीच नाही. शिवाय बी.बी.सी.ने १९८५ साली तिचे जे दूरचित्ररूप सादर केले, ते कादंबरीशेजारी ठेवून पाहिले असता शब्द काय करू शकतो आणि चित्र काय करू शकते, हा आपल्या अध्यापनातला नेहमीचा प्रश्न फार ठळकपणे समोर उभा राहतो. विवेचनाच्या ओघात रहस्य फोडण्यावाचून गत्यंतर नाही. ज्यांना ते स्वतःच उलगडावयाचे असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मगच या पानाकडे वळावे.

कादंबरी जून १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. लेखिकेचे पन्नासावे पुस्तक म्हणून प्रकाशकांनी तिचा गाजावाजा केला होता. प्रारंभ मोठा मार्मिक आहे. चिपिंग क्लेगहॉर्न या गावात एक पोरगा सायकलवरून वृत्तपत्रे टाकीत चालला आहे, आणि कोणत्या घरी कोणते पत्र पडते याची यादी लेखिका देत आहे. या यादीतच गावाची सारी उतरंड येऊन जाते : कोण निवृत्त अधिकारी, कोण डाव्या विचाराचा तरुण, कोण जुन्या वळणाची विधवा. मात्र स्थानिक ‘गॅझेट’ सगळ्यांकडे जाते. त्या दिवशीच्या ‘गॅझेट’मधील छोट्या जाहिरातींत, कुत्र्यांच्या पिल्लांच्या आणि मोलकरणींच्या मागणीच्या जोडीला, एक निवेदन छापलेले असते. शुक्रवार, २९ ऑक्टोबर रोजी सायंकाळी साडेसहा वाजता ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी एक खून होणार आहे. स्नेह्यांनी हेच निमंत्रण समजावे.

गाव अर्थातच जमते. काहीतरी निमित्त काढून, आपण सहजच आलो असे भासवीत, एकेक जण घरमालकीण मिस लेटिशिया ब्लॅकलॉक हिच्या दिवाणखान्यात येऊन बसतो. साडेसहा वाजतात, दिवे जातात, दार उघडून एक माणूस डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकतो, गोळ्या सुटतात. दिवे येतात तेव्हा तो विजेरीवाला, रुडी शेर्झ नावाचा परदेशी तरुण, मरून पडलेला असतो आणि मिस ब्लॅकलॉकच्या कानातून रक्त वाहत असते. साऱ्यांची समजूत होते की प्रयत्न तिच्याच खुनाचा होता. एका धनाढ्याच्या मृत्युपत्रामुळे तिला लवकरच मोठा वारसा मिळावयाचा आहे. त्याची विधवा स्कॉटलंडमध्ये शेवटचे दिवस मोजीत पडली आहे. तिच्याआधी मिस ब्लॅकलॉक मेली तर तो पैसा कोणी कधी न पाहिलेल्या दोन भावंडांकडे जाईल. तेव्हा ती भावंडे नाव बदलून गावात वावरत असावीत, या तर्कावर इन्स्पेक्टर क्रॅडॉक चालू लागतो. तर्क खोटा नाही. ती दोघे गावातच असतात. फक्त खुनाशी त्यांचा संबंध नसतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक सामाजिक वस्तुस्थिती आहे, आणि तीच माझ्या मते कादंबरीचा खरा विषय आहे. वृद्ध मिस मार्पल तपासाच्या मध्यावर क्रॅडॉकला जे सांगते त्याचा आशय असा : पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोण आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. नवा माणूस आला तर त्याच्यामागून कोणाचे तरी पत्र येई. एकाच पलटणीतले, एकाच जहाजावरचे, अशी काही खूण पटे आणि मग चहाचे बोलावणे जाई. आता हिंदुस्थान, हाँगकाँग, चीन येथून परतलेली माणसे येतात, घर घेतात, आणि आपण कोण हे आपणच सांगतात. त्यांच्याजवळ सरकारी कागद असतो, तेवढाच त्यांच्याविषयीचा पुरावा.

येथे मराठीने एक सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे ‘ओळख’ या एकाच शब्दात परिचयही येतो आणि ‘मी कोण’ हेही येते. पूर्वी लागे ते ओळखीचे पत्र. आता लागते ते ओळखपत्र. या दोन शब्दांतील अंतर म्हणजे या कादंबरीतील इंग्लंड होय. महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, त्या देशात प्रत्येक नागरिकाला ओळखपत्र देण्यात आले, आणि ते १९५२ पर्यंत चालू राहिले. अन्नधान्याचे नियंत्रण तर १९५४ पर्यंत पुरते उठले नव्हते. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा लोणी, मांस, साखर शिध्यावरच होती. म्हणून चिपिंग क्लेगहॉर्नमध्ये शेजारी एकमेकांच्या घरी मागल्या दाराने जातात : एकीकडून लोणी, त्याच्या बदल्यात दुसरीकडची काकडी, कोणाकडे कापलेल्या डुकराचा वाटा. ही देवघेव बेकायदा असते, म्हणून पोलिसांपुढे सगळे थोडेथोडे खोटे बोलतात. दारे उघडी का होती, कोण कोणाच्या घरात केव्हा गेले, याची उत्तरे या चोरट्या देवघेवीतून मिळतात. रेशनपुस्तकाला तपासाचे साधन करणारी दुसरी कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही. कोळशाचीही तीच कथा. गावात कोळशाची टंचाई असताना मिस ब्लॅकलॉकच्या घरी त्या दिवशी घर गरम करण्याची भट्टी पेटलेली असते. आलेले पाहुणे त्याबद्दल एकामागून एक बोलतात, आणि वाचक ते इंग्रजांचे हवापाण्याचे बोलणे म्हणून सोडून देतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला मिस मार्पलचे हे बोलणे परके वाटू नये. ‘आपण मूळचे कुठले?’ हा आपला पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर मिळाल्यावर तीनचार नावांच्या आत कोठेतरी दुवा जुळतो. तो न जुळणारा माणूस समोर आला तर आपण काय करतो? त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवतो. दुसरे काय करणार!

आता रहस्य. मिस लेटिशिया ब्लॅकलॉक ही लेटिशिया नव्हेच. ती तिची बहीण शार्लट. शार्लटला तरुणपणी गलगंड झाला. बाप डॉक्टर, पण हटवादी. शस्त्रक्रियेवर त्याचा विश्वास नव्हता. मुलगी हळूहळू माणसांतून उठली, खोलीत कोंडून घेऊ लागली. बापाच्या मृत्यूनंतर लेटिशिया तिला स्वित्झर्लंडला घेऊन गेली, तेथे गळ्यावरची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि मग ज्या बहिणीने तिला आयुष्य परत दिले तीच न्यूमोनियाने गेली. वारसा तिच्या नावावर होता. इंग्लंडात परतली ती शार्लट. कागदावर मात्र लेटिशिया परतली. नव्या गावात कोण विचारणार? गळ्यावरचा व्रण झाकण्यासाठी तिने आपल्या चिंचपेटीसारखी गळ्याला भिडून बसणारी मोत्यांची माळ घातली आणि ती कधी उतरवली नाही. रुडी शेर्झ त्या स्विस रुग्णालयात कामाला होता. त्याने तिला ओळखले, आणि ओळखले म्हणून तो मेला.

येथवर ही एक चतुर कथा झाली. तिला अधिक उंचीवर नेते ती डोरा बनर. ही शार्लटची शाळेतली मैत्रीण, दारिद्र्याने पिचलेली, विसरभोळी, बडबडी. तिने मदतीसाठी एक पत्र लिहिले आणि शार्लटने तिला घरी आणून ठेवले. याची काहीच गरज नव्हती. रहस्य जपावयाचे तर हा मूर्खपणाच होता. पण शार्लट स्वभावाने प्रेमळ होती, इतकी वर्षे एकटी होती, आणि आपल्याला खऱ्या नावाने ओळखणारे एक माणूस घरात असावे असे तिला वाटले. हे रहस्य पोटात ठेवण्याचा डोरा प्रामाणिक प्रयत्न करते, आणि मधूनच तिच्या तोंडून ‘लेटी’ऐवजी ‘लॉटी’ निघून जाते. शेवटी शार्लट तिला मारते ती तिच्या वाढदिवशी. घरची स्वयंपाकीण मिट्झी हिच्याकडून तिने डोराच्या आवडीचा चॉकलेटचा केक करवून घेतलेला असतो. घरातल्या मुलांनी त्याला ‘डेलिशस डेथ’ असे थट्टेने नाव दिलेले असते. रात्री डोके दुखू लागते, ॲस्पिरीनची बाटली सापडत नाही, म्हणून डोरा मैत्रिणीच्या उशाशी असलेल्या बाटलीतून गोळी घेते. जगाला वाटते, विष मालकिणीसाठी होते. मेजवानीत मात्र कपटाचा लवलेश नाही. शार्लटला खरोखरच डोराला एक आनंदाचा दिवस द्यावयाचा होता. दुसऱ्या वाचनात हे प्रकरण वाचवत नाही. दुर्बल आणि दयाळू माणूस घाबरला की सर्वांत धोक्याचा, अशा अर्थाचे मिस मार्पल जे बोलते, त्याचा पुरावा लेखिकेने केकच्या ताटलीत ठेवला आहे.

आता कादंबरीच्या कारागिरीकडे वळू. यातील बहुतेक महत्त्वाच्या खुणा भाषेतल्या आहेत, वस्तूंतल्या नाहीत. तेल घातलेले दार आहे, बदललेला दिवा आहे, फुलदाणीचे पाणी उघड्या वायरवर सांडून फ्यूज कसा उडतो हे दाखवणारे व्हिकरच्या घरचे मांजरही आहे. पण ही सारी गुन्हा कसा झाला ते सांगतात. कोणी केला ते अक्षरे सांगतात.

‘लेटी’ आणि ‘लॉटी’ घ्या. इंग्रजीत एका स्वराक्षराचा फरक. देवनागरीत लिहिले तर एका मात्रेचा. छापील पानावर अशी चूक दिसली की सुशिक्षित वाचक काय म्हणतो? मुद्राराक्षसाचा प्रताप! आणि पुढे जातो. ख्रिस्ती यांनी वाचकाच्या या सौजन्याचाच फायदा घेतला आहे. खुनाचा पुरावा जुळाऱ्याच्या चुकीच्या वेषात पानावर उघडा पडलेला असतो, आणि मुद्रिते तपासण्याची सवय असलेला माणूसच तो सर्वांआधी दृष्टीआड करतो.

दुसरी खूण तर शाळामास्तरांसाठीच योजल्यासारखी आहे. इंग्रजीत चौकशी या अर्थाचा एक शब्द ‘ई’ने आणि ‘आय’ने अशा दोन्ही प्रकारे लिहिला जातो. दोन्ही शुद्ध. परंतु लेटिशियाच्या जुन्या पत्रांतील लेखन एका प्रकारचे आणि आजच्या मिस ब्लॅकलॉकचे दुसऱ्या प्रकारचे. वय वाढले म्हणून कोणी आपले शुद्धलेखन बदलीत नाही, हा त्यावरचा अभिप्राय. आपल्याकडे १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि कित्येक अनुस्वार गळाले. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी अजूनही ‘नांव’ आणि ‘कांहीं’ असेच लिहितात. त्यांना नियम ठाऊक नाहीत असे नव्हे. त्यांनी ते कित्येक वर्षे शिकवले आहेत. पण स्वतःच्या पत्रात हात जुन्या वाटेनेच जातो. त्यांच्या नावाने कोणी अनुस्वाररहित पत्र पाठवले तर मलाही क्षणभर शंका येईल.

तिसरी खूण सर्वांत नाट्यपूर्ण. मिस हिंचक्लिफ आणि मिस मर्गट्रॉयड या दोघी मैत्रिणी एकत्र राहून कोंबड्या आणि डुकरे पाळतात. पहिली करारी, दुसरी गोंधळलेली. खुनाच्या वेळी दार उघडले तेव्हा मर्गट्रॉयड नेमकी त्या दारामागे सापडली होती. त्यामुळे विजेरीच्या झोताने इतरांचे डोळे दिपले तसे तिचे दिपले नाहीत; तो झोत कोणाकोणावर पडला हे पाहू शकणारी साऱ्या खोलीत ती एकटी होती. हिंचक्लिफ तिला पुन्हा सारे आठवावयास लावते. तेवढ्यात दूरध्वनी येतो, हिंचक्लिफ घाईने मोटार काढते, आणि मर्गट्रॉयड मागून धावत ओरडते : ती तिथे नव्हती! हिंचक्लिफ परत येते तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांपाशी मर्गट्रॉयड गळा आवळून मारलेली असते. उरते ते तीन शब्दांचे वाक्य. पुढे त्यातील आघात कोठे होता यावर सारे अडते. ‘ती’वर, ‘तिथे’वर की ‘नव्हती’वर? आघात ‘ती’वर असेल तर अर्थ असा की जिच्याविषयी कोणाला संशय येण्याचे कारणच नव्हते, तीच आपल्या जागी नव्हती.

हे वाक्य मराठीत आणण्याचा प्रयत्न करून पाहावा. इंग्रजी वक्ता जे काम स्वराघाताने करतो ते आपण पुष्कळदा ‘च’ने करतो. ‘तीच तिथे नव्हती’ असे लिहिले तर रहस्य तेथेच फुटले. ‘ती तिथे नव्हती’ असे लिहिले तर मराठी वाचकाच्या मनात दुसऱ्या अर्थाची शंकाही येत नाही. भाषांतरकाराने ‘च’ घालावा की गाळावा? माझ्या मते गाळावा, आणि मर्गट्रॉयडला ते वाक्य तीनदा ओरडावयास लावावे, प्रत्येक वेळी शब्दांचा क्रम थोडा फिरवून. मराठीला शब्दक्रमाचे स्वातंत्र्य आहे, ते अशा वेळी वापरावयाचे नाही तर केव्हा?

दूरचित्रवाणीचे माध्यम नेमके येथे परीक्षेला बसते. बी.बी.सी.ने मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्यांची रूपांतरे १९८४ ते १९९२ या काळात केली. प्रस्तुत कादंबरी १९८५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन भागांत दाखवण्यात आली. पटकथा ॲलन प्लेटर यांची, दिग्दर्शन डेव्हिड जाइल्स यांचे, आणि गाव डॉर्सेट परगण्यातील पॉवरस्टॉक. मिस मार्पलच्या भूमिकेत जोन हिक्सन. त्यांचा जन्म १९०६ चा. म्हणजे ही मालिका सुरू झाली तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. १९४६ साली एका नाटकातील त्यांचे काम पाहून ख्रिस्ती यांनी स्वतःच त्यांना लिहिले होते की आपण कधीतरी माझ्या मिस मार्पलचे काम कराल अशी आशा आहे. ती आशा फळाला येण्यास जवळजवळ चार दशके लागली, आणि तोवर लेखिका हयात नव्हत्या. १९६१ ते १९६४ या काळातील चार चित्रपटांत मार्गारेट रदरफर्ड यांनी मिस मार्पलची जी धिप्पाड, धावपळ करणारी विनोदी मूर्ती उभी केली होती, तिच्याशी हिक्सन यांचे नाते नाही. त्या बसतात, विणतात, आणि पाहतात. समोरचा बोलत असताना त्यांचे फिके निळे डोळे त्याच्यावर स्थिर असतात, आणि त्या नजरेत आस्था आणि निर्दयपणा यांचे मिश्रण असते. मिस मार्पलला माणसांविषयी कधीच भ्रम नसतो, हे कादंबरीत सांगावे लागते. येथे ते नुसते दिसते.

भाषेतील खुणांचे काय झाले? ‘लेटी’ आणि ‘लॉटी’ यांचा प्रश्न पडद्यावर निराळाच होऊन बसतो. मुद्राराक्षसाचा पडदा आता नाही. पण बोलणारी व्यक्ती आहे, आणि ती रेने ॲशरसन आहे. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या ‘हेन्‍री द फिफ्थ’मध्ये (१९४४) राजकन्या झालेली ही नटी येथे थकलेली, अडखळणारी डोरा झाली आहे. तिच्या साऱ्याच बोलण्यात नावे सांडतात, वाक्ये अर्ध्यावर राहतात. म्हणून एक स्वर बदलला तरी कान त्याला दोष देत नाही. छापील पानावर वाचक जुळाऱ्याला क्षमा करतो, येथे प्रेक्षक म्हातारीला क्षमा करतो. युक्ती तीच, पण क्षमा अधिक माणुसकीची. आणि म्हणून सत्य कळल्यावर होणारी वेदनाही अधिक.

शुद्धलेखनाच्या खुणेला मात्र पडद्यावर जागा नाही. पत्र हातात धरून दाखवता येते, पण वाचणे हा प्रेक्षकाचा व्यवसाय नव्हे.

मोत्यांच्या माळेबाबत चित्र शब्दावर मात करते, हे मान्य केले पाहिजे. कादंबरीकाराला ‘तिने मोत्यांची माळ घातली होती’ असे लिहावे लागते, आणि लिहिले की लक्ष वेधले जाते. म्हणून ख्रिस्ती तो उल्लेख फार जपून, इतर तपशिलांत मिसळून करतात. कॅमेऱ्याला ही चिंता नाही. अर्सुला हॉवेल्स यांच्या गळ्यात ती माळ प्रत्येक प्रसंगी आपल्यासमोर असते आणि कोणी तिच्याविषयी चकार शब्द काढीत नाही. शब्द वस्तूला वाक्यात आणल्याखेरीज अस्तित्व देऊ शकत नाही. चित्र तिला तेथे नुसती असू देते. हॉवेल्स यांचा चेहराही असाच फसवा आहे : समंजस, खानदानी, थोडा थकलेला. पडद्यावर एखाद्या चेहऱ्याला नाव मिळाले की आपण त्या नावाची शहानिशा करीत नाही. चिपिंग क्लेगहॉर्नच्या रहिवाशांनी जी चूक केली तीच प्रेक्षक करतो, आणि तेही त्याच कारणासाठी : या बाईने आपले नाव सांगितले, तेव्हा तेच तिचे नाव.

मर्गट्रॉयडचे काम जोन सिम्स यांनी केले आहे. ‘कॅरी ऑन’ चित्रपटांतील थिल्लर विनोदासाठी प्रसिद्ध असलेल्या या नटीला येथे घेणे हा दिग्दर्शकाचा धोरणीपणा. तिला पाहताच इंग्रज प्रेक्षक हसावयास सिद्ध होतो, आणि म्हणून ती काही महत्त्वाचे पाहू शकेल हे त्याला खरेच वाटत नाही. तिच्या मृत्यूनंतरची पावोला दिओनिसोत्ती यांची हिंचक्लिफ पाहावी. या दोघींचे नाते कादंबरीत कोठेही नाव घेऊन सांगितलेले नाही, आणि १९८५ च्या रूपांतरानेही तो संयम पाळला. २००५ साली दुसऱ्या एका वाहिनीने, जेराल्डिन मॅकइवन यांना मिस मार्पल करून, ही कादंबरी पुन्हा सादर केली तेव्हा ते नाते उघड करण्यात आले. उघड करण्याला माझा आक्षेप नाही. काळ बदलला आहे. पण शोक दाखवावयाचा तर तो नात्याला नाव दिल्याने वाढतो असे मला दिसले नाही. शिवाय त्या रूपांतरात प्रत्येकाच्या पदरी काही ना काही भावनिक भानगड बांधण्याचा सोस असल्याने डोरा आणि शार्लट मागे पडतात.

१९८५ च्या रूपांतरातही मोठी हानी झाली आहे, ती दिवाणखान्याबाहेरची. पॉवरस्टॉक फार सुंदर आहे. दगडी घरे, वळणाचे रस्ते, हिरव्या टेकड्या. मालिकेच्या आरंभीची रेखाचित्रेही तशीच जुन्या खेड्याची, एखाद्या कोपऱ्यात मृत्यूची खूण लपवणारी. १९८५ मधील प्रेक्षकाला हे गाव हरवलेले इंग्लंड म्हणून आवडले असणार. परंतु १९५० सालच्या वाचकाला चिपिंग क्लेगहॉर्न हे हरवलेले इंग्लंड नव्हते. ते त्याचेच विस्कटलेले, उपाशीपोटी सभ्यता सांभाळणारे, शेजाऱ्याचा भरवसा नसलेले गाव होते. टंचाईची धार पडद्यावर बोथट झाली की देवघेव गोड वाटू लागते, आणि मिस मार्पलचे ते मध्यवर्ती भाषण म्हातारीची कुरकुर ठरण्याचा धोका निर्माण होतो. जुना काळ पुनः उभा करणाऱ्या प्रत्येक चित्राला हा शाप आहे. कपडे, गाड्या, किटल्या हुबेहूब जमतात, पण ती वापरणाऱ्यांना त्या साध्या वापराच्या वस्तू होत्या, जुन्या नव्हत्या, ही जाणीव चित्रात येत नाही.

कादंबरीचाही एक डाग सांगितला पाहिजे. मिट्झी ही मध्य युरोपातून पळून आलेली निर्वासित. आपल्या माणसांची हत्या झाली असे ती सांगते आणि गाव ते अतिशयोक्ती समजून हसते. लेखिकाही पुष्कळ अंशी त्या हसण्यात सामील आहे. नाझींच्या छळछावण्यांची दारे उघडून जेमतेम पाच वर्षे झाली असताना हे हसणे कानाला बरे लागत नाही. शेवटच्या सापळ्यात मिट्झीला जिवावरचे धाडस करावयास देऊन लेखिकेने थोडी भरपाई केली आहे, पण ती थोडीच. रूपांतरात तिचे नाव हॅना असे बदलले गेले. जिच्यावर शेवटी खुनी स्त्री हात टाकते, आणि तो हात टाकल्यामुळेच जिच्यामुळे सत्य बाहेर येते, ती गावात सर्वांत कमी विश्वासार्ह मानलेली बाई असावी, यात एक न्याय आहे. मात्र लेखिकेला तो किती अभिप्रेत होता याविषयी मी साशंक आहे.

तो सापळाही आवाजाचाच. शार्लट मिट्झीला ठार करू पाहत असताना अंधाऱ्या कपाटातून डोरा बनरचा आवाज येतो : लॉटी, असे करू नकोस, अशा अर्थाचा. तो आवाज मिस मार्पलने काढलेला असतो. तर्कनिष्ठ रहस्यकथेत ही युक्ती नाटकी वाटेल, आणि कोणी तिला दोष दिला तर मी फार वाद घालणार नाही. पण शार्लट तेथे कोसळते ती पकडली गेल्यामुळे नव्हे. तिला खऱ्या नावाने हाक मारणारे जगात एकच माणूस उरले होते आणि ते तिने स्वतः मारले होते. आता तीच हाक ऐकू आली. अश्रू ढाळीत ती जे बोलते त्यात इतर खुनांविषयी विशेष काही नाही. डोरा गेल्यापासून आपण एकट्या पडलो, एवढेच आहे.

यानंतर ख्रिस्ती यांनी एक लहानसे प्रकरण जोडले आहे. गावातीलच एक नवविवाहित जोडपे पत्रविक्रेत्याकडे जाऊन कोणकोणती वृत्तपत्रे टाकावयाची ते सांगते, आणि ‘गॅझेट’ नको म्हणून बजावते. ते गेल्यावर पत्रविक्रेता आणि त्याची बायको यांच्यात थोडी बोलाचाली होते. ‘गॅझेट’ नको असे कोणी म्हणूच कसे शकेल? ऐकण्यात काहीतरी चूक झाली असणार. सगळेच घेतात. ते यादीत ‘गॅझेट’ लिहून टाकतात.